धुतलेला नांगर

बंदरातून निघताना तो बोट आधी चुकीच्या दिशेला घ्यायचा. दीपस्तंभाआड गेल्यावर मग वळायचा.

परतताना धक्का दिसू लागला की इंजिन बंद करायचा आणि नांगर धुवायचा. ब्रशने, घासून. नांगराच्या फाळांत एक कण राहता कामा नये. तळाचा रंग बोलतो, असं त्याचं म्हणणं.

मासळीवर ओली गोणपाटं टाकायचा. लिलावाच्या ओट्यावर पोचेपर्यंत ती कोणी उचलायची नाहीत.

"कुठे होतास रे?" असं कोणी विचारलं की सांगायचा, "पाण्यात."

शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. चहा पार गार झाल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. बोटीत कोणी शीळ घातली तर दुसऱ्या दिवशी त्याला बोटीत घ्यायचा नाही. शेवटी शेवटी एकटाच जायचा.

खोटं बोलताना डाव्या कानाची पाळी चोळायचा. ही सवय फक्त त्याच्या बायकोला आणि मुलीला ठाऊक होती. त्याला स्वतःला नव्हती.

बंदरावर त्याला घुम्या म्हणत. तोंडावरच म्हणत. त्याला ते आवडायचं. बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

घुम्याकडे एक जागा होती. बापाने दिलेली. किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्राच्या तळाला एक खळगा. त्यात लालसर गोटे पसरलेले, प्रत्येक गोट्यावर एक पांढरी रेघ. वर्षातून एकदा मासे तिथे अंडी घालायला यायचे. त्यांना खाणारे मोठे मासे मग वर्षभर तिथेच घुटमळायचे. बाकीचा समुद्र कोरडा ठणठणीत असला तरी खळग्यावरून घुम्या कधी रिकामा परतला नाही.

जागा ओळखायच्या खुणा किनाऱ्यावर होत्या. जुन्या गिरणीची चिमणी पाण्याच्या टाकीमागे लपली पाहिजे. आणि त्याच वेळी दीपस्तंभ टेकडीच्या खिंडीत बसला पाहिजे. दोन्ही जुळलं की खाली खळगा. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. यंत्रात नाही, कागदावर नाही. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

लहानपणी एकदा बापाच्या नांगरात अडकून आलेले दोन गोटे तो घरी घेऊन आला होता. तो आणि धाकटा भाऊ पायरीवर बसून त्यांच्याशी खेळत होते. बापाने पाहिलं. गोटे उचलून विहिरीत टाकले आणि थोरल्याच्या कानाखाली अशी वाजवली की डावा कान दिवसभर गात राहिला.

"उद्यापासून नांगर तू धुवायचास," एवढंच बाप म्हणाला.

बाप गेल्यावर वाटणी झाली. धाकट्याला मोठी बोट मिळाली, घुम्याला लहान. घराच्या मधोमध भिंत उठली. ती इतकी पातळ की इकडे शिंक आली तर तिकडून शिव्या यायच्या. थोरला फसला, असं सगळ्यांना वाटलं. घुम्याने ताकास तूर लागू दिली नाही. वाटणीत जे मांडलंच नव्हतं ते त्याच्याकडे होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाकटा काही मूर्ख नव्हता. गोणपाटाखाली काय असतं ते त्याला दिसत होतं. बोट मोठी, इंजिन दमदार. तो थोरल्याच्या मागे लागायचा. घुम्या त्याला समुद्रभर फिरवायचा आणि तसाच परत आणायचा.

एकदा घुम्याने त्याला मुद्दाम येऊ दिलं. खळग्याच्या अलीकडे एक बुडालेलं मालवाहू जहाज आहे. घुम्या त्याच्यावर जाऊन थांबला, जाळं टाकल्याचं नाटक केलं आणि निघून गेला. धाकट्याने तिथेच जाळं सोडलं. नवं कोरं. वर आल्या त्या चिंध्या.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे धाकट्याची बायको रडत होती. इकडे घुम्याने ताटात आणखी एक मासा घेतला.

"आज भूक चांगली लागली," तो म्हणाला.

बायकोने पातेलं त्याच्यापुढे आदळलं. "सख्खा भाऊ आहे तुमचा."

"म्हणून तर एकच जाळं गेलं," घुम्या म्हणाला.

मग समुद्राचीच वाटणी निघाली.

समुद्रात गर्दी झाली आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. मोठ्या जहाजांना ठरलेली वाट हवी होती. वीज कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. तळावरून तारा न्यायच्या होत्या. आरमाराला सरावासाठी कोपरा हवा होता. नव्या धक्क्याच्या भरावाला तळाची खडी हवी होती. आणि मासेमारी होतीच. प्रत्येकाने आपली जागा सांगायची, मग नकाशावर रंग भरायचे. एकाच्या रंगात दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही.

"घरात भिंत घालतात तसंच की हे," लिलाव पुकारणारा म्हणाला. "फरक एवढाच, की पलीकडची शिंक ऐकू येणार नाही."

घुम्याची मुलगी या वाटणीच्या सरकारी कार्यालयात नोकरीला लागली होती. मच्छीमारांची बाजू नकाशावर आणणं हे तिचं काम. ती बंदरावर दिसली की लोक म्हणत, "आली बघा नकाशा." या बंदरात नाव ठेवल्याशिवाय कोणाला जवळचं मानत नाहीत.

एका संध्याकाळी ती बापासमोर येऊन बसली.

"बाबा, मोठ्या बोटींवर यंत्र असतं. त्या कुठे फिरतात ते आम्हाला दिसतं. लहान बोटी कुठे जातात ते कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही खरं दाखवलंत तरच मला काही करता येईल."

"दाखवतो की. आत्ता दाखवू?"

तेव्हा त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"आत्ता नको. सगळ्यांसमोर दाखवा. नाहीतर लोक म्हणतील, पोरीने बापाचं गुपचूप घुसवलं."

एवढं बोलून ती हात धुवायला उठली.

नकाशा लिलावाच्या ओट्यावर पसरला होता. कोपऱ्यांवर तराजूची वजनं ठेवली होती. कार्यालयातल्या मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या. गळ्यात दोरीने चष्मा लटकवलेल्या, हळू बोलणाऱ्या. मुलगी हिरवी पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी उभी होती.

लोक एकेक करून पुढे आले. जागा दाखवणं म्हणजे या लोकांना चारचौघांत कपडे उतरवण्यासारखं. एकाने नकाशावर असा पालथा पंजा ठेवला की त्याखाली अर्धा समुद्र मावला. दुसऱ्याने धाकट्याची जागा आपली म्हणून दाखवली. तिसरा म्हणाला, "मासे असतील तिथे." बाई हसल्या आणि पुन्हा विचारलं. दोनदा, तीनदा विचारलं. शेवटी बऱ्याच जणांनी थोडंफार खरं सांगितलं. सांगितलं नाही तर जागा जाईल, हे त्यांना हळूहळू कळत गेलं.

घुम्याची पाळी आली. धाकटा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"बोल की दादा. आता तर सरकार विचारतंय. आम्ही विचारून विचारून म्हातारे झालो."

सगळे हसले.

बाईंनी पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवलं. "या भागात तळाला चांगली खडी आहे. भरावासाठी आमचा विचार चाललाय. इथे कोणी मासेमारी करतं का?"

टोक खळग्यावर होतं. बरोबर मधोमध.

घुम्याने आपली जागा आयुष्यात पहिल्यांदाच वरून पाहिली. मसुराच्या दाण्याएवढी होती. चिमणी, टाकी, खिंड, असं त्याच्या मनात आपोआप आलं. धाकट्याचा श्वास त्याच्या मानेवर येत होता. फक्त "हो" म्हणायचं होतं. पण त्या एका शब्दात बाप होता, विहिरीत पडलेले गोटे होते, आणि उद्या सकाळी खळग्यावर उभी असलेली धाकट्याची मोठी बोट होती.

"तिथे?" तो म्हणाला. त्याचा हात कानाकडे गेला. "तिथे कोण मरायला जाईल? बुडालेलं जहाज आहे. जाळी फाटतात."

"जहाज थोडं बाजूला आहे. पाहणीत दिसलंय. मी खळग्याचं विचारतेय."

तेवढ्यात धाकटा पुढे झुकला. "खरं बोलतोय तो, बाई. माझं जाळं तिथेच गेलं. नवं कोरं. या शहाण्यानेच नेलं होतं मला."

पुन्हा हशा. बाईही हसल्या.

"मग तुम्ही कुठे जाता?"

घुम्याने बोट नकाशावरून लांब वर नेलं आणि एका सपाट पट्ट्यावर टेकवलं. खाली नुसता चिखल. त्याने तिथे कधी जाळं टाकलं नव्हतं. त्याच्या बापानेही नव्हतं.

"इथे. माझा बापसुद्धा इथेच."

मुलगी वाकून लिहीत होती. तिने त्या पट्ट्याभोवती हिरवा गोल काढला. सावकाश, नीट. तिने मान वर केली असती तर बापाचा हात दिसला असता. तिने केली नाही. मागे, टोपल्यांपाशी बसलेल्या आईला मात्र दिसला.

घरी आल्यावर बायकोने दार लावलं.

"खोटं बोललात."

"तुला काय ठाऊक?"

"मला ठाऊक असतं. पोरीला सांगा."

"सांगतो. धाकटा तिथेच उभा होता, कसं सांगणार? हरकतींचा दिवस असतो म्हणे. तेव्हा बघू."

"मी सांगू तिला?"

"काय सांगशील? जागा कुठे आहे ते तुला ठाऊक आहे?"

बायकोने चुलीवर पातेलं चढवलं. तो खोटं बोलला एवढंच तिला ठाऊक होतं. खरं काय ते ठाऊक नव्हतं.

वीज कंपनीला तोच चिखलाचा पट्टा हवा होता. सपाट, उथळ, पवनचक्क्यांना सोयीचा. मुलगी आडवी आली. बैठकांमागून बैठका झाल्या. ती वाघिणीसारखी भांडली, असं बंदरावर ज्याने त्याने घुम्याला येऊन सांगितलं. माझे वडील आणि त्यांचे वडील तिथे जात आले आहेत, ती जागा मी सोडणार नाही, असं टेबलावर हात आपटून म्हणाली म्हणे. शेवटी कंपनीच हटली. पवनचक्क्या पलीकडे सरकल्या.

त्या दिवशी ती धावतच घरी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, तुमची जागा वाचवली. तुमची आणि आजोबांची."

"शाब्बास," घुम्या म्हणाला.

"एवढंच?"

"शाब्बास म्हटलं ना."

"घुम्या तो घुम्याच," ती हसत आईला म्हणाली. आईने चुलीकडे तोंड फिरवलं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही आपल्याच हाताने. आता खरं सांगायचं म्हणजे पोरीच्या विजयावर थुंकायचं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. संध्याकाळी ती दमून यायची, हसत यायची. उद्या बघू, असं तो म्हणायचा.

हरकतींच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. वर पंखा फिरत होता. बाई एकेक रंग वाचत होत्या. जहाजांची वाट, तारा, आरमार. मग त्या म्हणाल्या, "खडीचा उपसा. या जागेबद्दल कोणाची हरकत?"

घुम्या उठून उभा राहिला.

सगळं सभागृह वळलं. घुम्या भर सभेत उभा राहिलाय, हेच आक्रीत होतं. बाईंच्या शेजारी बसलेली मुलगी त्याच्याकडे बघून हसली. बाप आपल्याबद्दल दोन चांगले शब्द बोलणार, असं तिला वाटलं असावं. पुढच्या रांगेतून धाकट्यानेही मान वळवली. डोळे बारीक करून, वर्षानुवर्षं थोरल्याच्या बोटीमागचा फेस बघत आला होता तसा.

घुम्याने तोंड उघडलं.

"पंखा जरा मोठा करा," तो म्हणाला.

सभागृह हसून हसून कोसळलं. कोणीतरी पंखा मोठा केला. घुम्या खाली बसला. बाईंनी "हरकत नाही" असं लिहिलं आणि पान उलटलं.

उपसा करणारं जहाज आलं तेव्हा घुम्या बघायला गेला. खळग्याभोवती पिवळी पिंपं तरंगत होती, त्यांच्या आत जायला बंदी. जहाजाने सोंडेसारखा पाइप पाण्यात सोडला. थोड्या वेळाने आजूबाजूचं पाणी लालसर झालं. पक्षी आरडाओरडा करत जहाजावर तुटून पडले. घुम्या पिंपांच्या बाहेर इंजिन बंद करून उभा राहिला. किनाऱ्याकडे बघितलं तर चिमणी टाकीमागे जेमतेम लपत होती.

परतताना त्याने नांगर धुतला. त्या दिवशी नांगर पाण्यात टाकलाही नव्हता.

मग तो हिरव्या पट्ट्यावर जाऊ लागला. दुसरीकडे जाणार कुठे? घुम्याची जागा एकदाची सरकारी शिक्क्याने जाहीर झाली होती, म्हणून बाकीच्या बोटीही तिथे लोटल्या. जाळ्यात चिखल आला, प्लास्टिक आलं, एकदा एक गमबूट आला.

"गमबुटावर तरी गोणपाट टाक," एकाने त्याला ओरडून सांगितलं.

त्यांना वाटलं, घुम्याची अजून एक जागा असणार, हा पुन्हा आपल्याला फिरवतोय. ते त्याच्या मागे मागे राहिले. तो चिखलावर गोल गोल फिरत राहिला, आणि त्याच्यामागे अख्खं बंदर.

खडीचा पहिला ढीग धक्क्यावर पडला तो ओला होता. दुपारपर्यंत त्याला वास सुटला. मांजरं जमली. पक्षी ढिगावरून हटेनात. लोक जवळ गेले. गोट्यागोट्यांमध्ये माशांची अंडी चिकटलेली होती. गाभोळीचे गोळेच्या गोळे, उन्हात सुकत चाललेले.

"हे पाळणाघर उपसून आणलंय," लिलाव पुकारणारा म्हणाला. यावेळी कोणी हसलं नाही.

धाकट्याने एक गोटा उचलला. पँटीला पुसला. लालसर गोटा, पांढरी रेघ. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग तो तळहातावर घेऊन सरळ घुम्याच्या बोटीपाशी आला. मागून सगळे आले.

"दादा, ओळखतोस का याला?"

"गोटा आहे."

"याचा भाऊ आपल्या विहिरीत आहे."

घुम्या जाळ्याची गाठ सोडवत होता. ती सुटलेली होती तरी सोडवत राहिला.

"मी माझ्या तोंडाने सांगितलं रे त्या बाईंना," धाकटा म्हणाला. "माझं जाळं तिथे फाटलं म्हणून. तू आधी माझं जाळं फाडलंस, आणि मग मलाच साक्षीदार केलंस." तो मारेल असं सगळ्यांना वाटलं. तो हसला. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. अरे, मला मिळू नये म्हणून दगडात घातलंस? मी काय सगळा समुद्र पिऊन टाकणार होतो?"

गलका ऐकून मुलगी कार्यालयातून आली. लोकांनी तिला वाट दिली.

"बाबा, काका काय म्हणतायत?"

"बरळतोय तो. तिथे असतील थोडेफार मासे. आपली खरी जागा तीच. तू वाचवलीस ती."

ती एक पाऊल पुढे आली.

"कान सोडा, बाबा."

त्याने हात खाली घेतला. हाताकडे बघितलं. हात तिथे जातो हे त्याला त्या क्षणी कळलं.

"मलाही खोटं सांगितलंत?"

"धाकटा शेजारी उभा होता गं."

"घरी नव्हता ना काका शेजारी. घरी का नाही सांगितलंत?"

घुम्याने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भिंत पातळ आहे."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मुलगी नाही हसली.

"मी तुमची जागा वाचवली नाही," ती म्हणाली. "तुमचं खोटं वाचवलं. चांगलं पक्कं करून दिलंय. आता तिथून तुम्हाला कोणी हटवणार नाही. बसा तिथे."

त्याच आठवड्यात तिने कार्यालयाजवळ खोली घेतली. आई तिचं अंथरूण पोचवायला गेली आणि दोन दिवस परत आली नाही. आली तेव्हा घुम्याशी कामापुरतं बोलू लागली. मीठ घ्या. दार लावा.

बाई एकदा बंदरावर आल्या. त्यांनी चष्मा लावला, ढीग पाहिला, गाभोळी पाहिली. करार झाला होता, धक्क्याचं काम सुरू झालं होतं. "मी विचारलं होतं हो," त्या घुम्याला म्हणाल्या. रागाने नाही. "मी दोनदा विचारलं होतं."

बंदराने त्याचं नाव बदललं. आता त्याला दानशूर म्हणू लागले. "काय दानशूर, आज काय दान?" सकाळी तो बोटीपाशी यायचा तेव्हा बैठकीच्या फळीवर गोटे ठेवलेले असायचे. जाता येता प्रत्येक जण एकेक टाकून जाई. घे तुझा समुद्र परत.

पहिल्या दिवशी घुम्याने ते गोटे हातात घेतले. बंदराच्या तेलकट पाण्यात टाकायला त्याचं मन धजेना. त्याने ते नळाखाली धुतले, मासळीच्या क्रेटमध्ये ठेवले आणि बोट बाहेर काढली. पहिल्यांदाच सरळ, दीपस्तंभाला वळसा न घालता. उपशाचं जहाज माल उतरवायला बंदरात आलं होतं. पिवळ्या पिंपांच्या आत कोणी नव्हतं. चिमणी टाकीमागे गेली, दीपस्तंभ खिंडीत बसला. घुम्याने गोटे एकेक करून पाण्यात सोडले.

दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन ढिगापाशी गेला.

"काय रे, समुद्र भरायचाय का?" राखणदाराने विचारलं.

"खळगा," घुम्या म्हणाला.

"घे घे. तुझाच आहे." राखणदाराने आजूबाजूच्यांना डोळा मारला.

मग तो रोजचाच तमाशा झाला. जहाज सोंडेने उपसायचं, घुम्या फावड्याने परत न्यायचा. ढिगातला गोटा न धुता नेला तर गाभोळी कुजते, पाणी नासतं, म्हणून प्रत्येक क्रेट तो आधी दारातल्या नळाखाली धुवायचा. धाकट्याला भिंतीपलीकडे दिवसभर गोट्यांचा खळखळाट ऐकू यायचा.

"दादा, झोपू दे रे," एकदा तो ओरडला. इकडे खळखळाट चालूच राहिला.

घुम्या आता जागा सांगायचा. न विचारता सांगायचा. लिलावाच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, ज्याच्या त्याच्यापुढे. "चिमणी टाकीमागे लपली पाहिजे. दीपस्तंभ खिंडीत. सोपं आहे." लोक त्याला "हो, हो" म्हणून कप उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचे. एवढी वर्षं ज्याच्यासाठी त्याचा पाठलाग केला ते आता कोणाला फुकटही नको होतं.

बायकोलाही सांगितलं. ती भांडी घासत होती.

"आता कशाला सांगताय?" ती म्हणाली.

मुलीच्या खोलीवर गेला. तिने दार अर्धं उघडलं. त्याने उभ्या उभ्या सांगितलं. चिमणी, टाकी, खिंड.

"बाबा, मला अक्षांश-रेखांशांसकट पाठ आहे ती जागा," ती म्हणाली. "तिथे लाल रंग मीच भरलाय." आणि दार लावलं.

त्या सकाळी वारा नव्हता. समुद्र ताटासारखा सपाट होता. घुम्याने बोटीत नेहमीपेक्षा जास्त क्रेट चढवले. बोट इतकी खाली बसली की धक्क्यावरून लोकांनी हाका मारल्या.

"दानशूर, दान थोडं कमी कर!"

त्याने मागे पाहिलं नाही. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं.

उपशाचं जहाज भरून खळग्याकडून परतत होतं. जहाज बाजूने गेलं तेव्हा त्याची लाट आली. तशी लाट रोजच येते, रिकामी बोट तिच्यावर नुसती डुलते. जहाजावरच्या कोणाला काही दिसलं नाही. दुपारी बंदराच्या तोंडाशी क्रेट तरंगत आले. रिकामे.

शोधायला धाकटा गेला. थोरल्याच्या जागेवर पोचायला त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाठलाग करावा लागला नाही. जागा सरकारी नकाशावर होती. पिंपांच्या आत त्याने नांगर टाकला. पाण्यात उतरला, वर आला, पुन्हा उतरला. संध्याकाळच्या आत त्याने भावाला वर काढलं.

मग त्याने नांगर ओढला. सवयीने फाळांकडे पाहिलं. एक गोटा नव्हता, कण नव्हता. नांगर धुतल्यासारखा स्वच्छ होता.

घुम्याच्या दारात, नळाशेजारी, अजून क्रेट आहेत. भिंतीला टेकून एकावर एक रचलेले. रचलेल्यांतले सगळे धुतलेले आहेत. शेवटचा नळाखाली आहे. त्यातले वरचे गोटे लाल दिसतात, रेघांसकट. खालचे अजून चिखलात आहेत. नळाची रबरी नळी त्यातच राहिली आहे.